आठ सेकंदांत सहा बटणं

बाईंच्या बोटांतला जीव गेला हे कळलं, त्या दिवशी दुकानात एका बँडवाल्याचा पांढरा कोट होता.

मास्तर कापायचे आणि शिवायचे, बाई काजं करायच्या आणि बटणं लावायच्या. एकतीस वर्षं हाच कारभार. खिडकीजवळच्या स्टुलावर बसून बाई कोटाचं पाचवं काज करत होत्या आणि बँडवाल्याच्या पोटाबद्दल बोलत होत्या, की याला कोट नको, तंबू शिवून द्या. मास्तरांनी हसत मान वर केली तर पांढऱ्या कापडावर लाल ठिपके. सुई बाईंच्या बोटात निम्मी घुसली होती.

"अगं, सुई!"

"कुठंय? आत्ता तर हातात होती," बाई म्हणाल्या आणि वाकून जमिनीवर शोधायला लागल्या.

मास्तरांनी सुई उपसली. बाईंनी साधं 'स्स' सुद्धा केलं नाही. मग बाई म्हणाल्या, "डाग थंड पाण्यात धुवा. गरम लावाल तर बसेल."

डॉक्टरांनी हाताच्या शिरांचा आजार सांगितला. आधी बोटं, मग पंजे, मग मनगटापर्यंत. हात दिसतील धडधाकट, पण कळणार काही नाही आणि धरता येणार काही नाही. परत येईल का, असं विचारल्यावर डॉक्टरांनी चष्मा पुसला. तेवढ्यावर मास्तर काय ते समजले.

वर्षभरात कप धरणं गेलं, फणी गेली, दाराची कडी गेली. बाईंनी सगळं सोसलं, पण झग्याची बटणं नवऱ्यानं लावायची हे त्यांना अजिबात सोसेना. रोज सकाळी मास्तर पुढ्यात बसून बटणं लावायचे आणि बाई छताकडे बघत बसायच्या.

"मी काय दुकानातला पुतळा आहे? कपडे चढवताय ते?"

"पुतळा बरा. बोलत नाही."

अशात एक गिऱ्हाईक पट्टा शिवायला एक पर्स घेऊन आलं. तिचं झाकण सोडलं की आपोआप बसायचं, टक् करून. मास्तरांनी ते वीसेक वेळा उघडलं-मिटलं. शेवटी गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, मोडायचंय का ते?" त्याच आठवड्यात मास्तरांनी पर्सवाल्याकडून नखाएवढी चपटी लोहचुंबकं आणली आणि बाईंच्या निळ्या झग्याच्या पट्टीत, दोन पदरांच्या मध्ये, आतून शिवून टाकली. वरून सहा बटणं तशीच, आणि समोर सहा खोटी काजं. बटणं नसती तरी चाललं असतं. पण शिंप्याच्या बायकोचा झगा बिनबटणांचा दिसला तर गल्लीत नाक कापलं गेलं असतं.

बाईंनी पालथा हात वरून खाली फिरवला. टक्, टक्, टक्. सहाही बसली. त्यांनी परत उघडला, परत लावला. वर्षभरात त्या पहिल्यांदा मोकळं हसल्या.

"काजं मात्र उंदरानं कुरतडल्यासारखी केलीत," त्या म्हणाल्या.

"तुझं काम होतं ते. मी आयुष्यात किती केलीत?"

"असू दे. कुणाला सांगू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची."

बाईंच्या सगळ्याच झग्यांना मास्तरांनी मग चुंबकं बसवली. कुणाला काही कळलं नाही. शेजारपाजारचे म्हणायचे, बाईंचे हात सुधारले वाटतं. बाई नुसत्या मान हलवायच्या. एकदा मास्तर माल पोचवून आले तर बाईंच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. "दारात सापडला," बाई म्हणाल्या. मास्तरांनी दाराला कापसाची गादी ठोकली आणि विषय संपला.

अपंगांच्या पेन्शनचा अर्ज करायचं डोकं मेहुणीचं. बाईंची ही धाकटी बहीण, जीभ अशी की तिला म्यान नाही. ती एका रविवारी अकरा पानांचा फॉर्म घेऊन आली.

"भाऊजी, हा तिचा हक्क आहे. भीक नाही. भरून टाकू."

सातव्या पानावर प्रश्न होता: अर्जदार फॉर्म स्वतः भरत नसल्यास कारण लिहा. मेहुणीनं लिहिलं, 'हात.' महिन्यानं फॉर्म परत आला, कारण सविस्तर लिहा. मेहुणीनं लिहिलं, 'दोन्ही हात.' मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि नव्या कागदावर डॉक्टरांनी सांगितलेला लांबलचक नावाचा आजार उतरवून काढला. पुढे फोटो परत आला, पाठीमागे अर्जदाराची सही नाही म्हणून. सहीच्या जागी अंगठा लावला तर तो पुसट आला म्हणून परत. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. इथे सहा महिने तर अंगठ्यातच गेले.

मग तपासणीचं बोलावणं आलं. बाईंनी कपाटातून निळा झगा काढायला लावला.

"साधा घाल की," मास्तर म्हणाले.

"चार माणसांत जायचंय. गबाळं जाऊ?"

तपासणीच्या खोलीत मास्तरांना आत घेतलं नाही. ते बाहेर बाकावर टोपी हातात धरून बसले. वीस मिनिटांनी बाई बाहेर आल्या, मान ताठ, ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"काय झालं?"

"खांदे बघितले, सुया टोचल्या. झगा काढायला लावला, परत घालायला लावला." बाई मास्तरांच्या कानाशी आल्या. "त्यांना कळलंसुद्धा नाही!"

मास्तरांची छाती फुगली. सरकारी डॉक्टरसुद्धा फसला, म्हणजे शिवण काय असेल! दोघं चालत घरी आले, वाटेत चहा प्यायले, मास्तरांनी कप धरला, बाईंनी घोट घेतला. आपण काय करून बसलोय हे त्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ते दोन महिन्यांनी पाकिटातून आलं. मेहुणीनं मोठ्यानं वाचलं: "'अर्ज नामंजूर. अर्जदार सहा बटणे स्वतःच्या हाताने, मदतीशिवाय, आठ सेकंदांत लावते. बोटांची सूक्ष्म हालचाल उत्तम. सांगितलेल्या तक्रारी अतिरंजित वाटतात. अर्जदार पूर्वीच्या कामास सक्षम.'" तिनं कागद खाली ठेवला. "आठ सेकंदांत? ताई, मला बारा लागतात!"

मग मेहुणीचं लक्ष बहिणीच्या झग्याकडे गेलं. तिनं पट्टी ओढली. टक्, टक्, टक्.

"अरे देवा! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि हे तुम्ही तिथं घालून गेलात? दोघं मिळून? अकलेचे कांदे!"

"मला विचारलं असतं तर सांगितलं असतं," बाई म्हणाल्या. "त्यांनी विचारलंच नाही. मला वाटलं, झगा बघतायत."

त्यानंतर बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मास्तर मशीनवर असताना त्या स्टुलावर येऊन बसल्या, रिकामे हात मांडीवर ठेवून.

"पेन्शन नाही दिली तर नाही. आजवर तिच्यावाचून अडलं नाही. पण ते 'अतिरंजित' म्हणजे खोटी, असंच ना? मी खोटी? माझी बोटं चालली असती तर मी काजं केली असती की. इथं बसून तुमचं तोंड बघत बसले असते का?" मग म्हणाल्या, "ते वाक्य खोडून घ्या. बाकी काही नको मला."

"घेतो," मास्तर म्हणाले.

एवढंच. मास्तरांना शब्द फार देता येत नाहीत, पण दिलेल्या तारखेला कपडा द्यायचा हे त्यांना येतं.

अपील केलं. कार्यालयात फोन लावला की एक बाई सांगायची, तक्रारीसाठी एक दाबा, अपिलासाठी दोन दाबा, आणि दोन दाबलं की तीच परत पहिल्यापासून सुरू. मास्तर गेले की खिडकीवरचा कारकून म्हणायचा, "फाईल वर गेलीय." वर गेलं की म्हणायचे, "खालीच आहे." मास्तर जिने चढत-उतरत राहिले. एकदा वैतागून म्हणाले, "साहेब, फाईल जिन्यात राहते का? मी तिथंच बसतो." कारकुनानं खिडकी लावून घेतली.

दहा महिने असे गेले. त्या थंडीत बाईंच्या छातीत कफ झाला. चार दिवस दवाखान्यात होत्या, पाचव्या दिवशी गेल्या. शेवटचं काही बोलणं वगैरे झालं नाही. सूप गार झालंय म्हणाल्या, मास्तर गरम करून आणेपर्यंत संपलं होतं.

बाई जाऊन नऊ दिवस झाले आणि सुनावणीची नोटीस आली. 'अर्जदाराने स्वतः हजर राहावे. गैरहजर राहिल्यास अपील फेटाळले जाईल.'

मेहुणी रडता रडता हसायला लागली. "आता घेऊन या म्हणावं! भाऊजी, सोडा. भीक नको पण कुत्रं आवर. ती गेली, तिला काय त्या वाक्याचं?"

"मी म्हटलंय, घेतो."

सुनावणीला मास्तर निळा झगा घडी करून, कागदात बांधून घेऊन गेले.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारीण बाई पन्नाशीच्या होत्या. टेबलावर फायलींचा ढीग, टाचण्यांची वाटी, बाजूला अर्धं बिस्किट. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अर्जदार?"

"वारली."

आता मान वर झाली. "कधी?"

"आज सव्विसावा दिवस."

"कळवायला हवं होतं."

"तुमच्या फोनला दोन दाबून बघा एकदा," मास्तर म्हणाले.

अधिकारीण बाईंनी एक सुस्कारा सोडला. "वाईट झालं. पण मग अपील निकाली काढावं लागेल. लाभ घेणारंच माणूस नाही."

"लाभ नको मला. त्या अहवालात एक वाक्य आहे, ते खोडा."

"वाक्य खोडायची तरतूद नाही हो. अपील मंजूर झालं तर अहवाल बदलतो. अपील चालवायचं तर वारसाचा अर्ज हवा, मृत्यूपासून तीस दिवसांच्या आत. आणि नवा पुरावा हवा."

"पुरावा आणलाय."

मास्तरांनी कागद सोडला आणि झगा टेबलावर पसरला. वाटीतल्या टाचण्या ताडकन उडून पट्टीला चिकटल्या. त्यांच्यामागे दोन क्लिपा गेल्या. अधिकारीण बाई खुर्चीसकट मागे सरकल्या.

"हे काय आहे?"

"बटणं खोटी आहेत, बाई. आत लोहचुंबक आहे. मीच बसवलं. पालथा हात फिरवा, बंद होतं. बोटं लागतच नाहीत. आठ सेकंदांत म्हणजे तिनं सावकाशच केलं."

अधिकारीण बाईंनी पालथा हात फिरवला. टक्, टक्, टक्. चेहरा जरा सैल झाला. परत उघडला, परत फिरवला. दारातला शिपाईही आत येऊन बघायला लागला.

"माझ्या आईला असलं काही हवं होतं," अधिकारीण बाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी टाचण्या एकेक सोडवून वाटीत टाकल्या आणि आवाज पुन्हा सरकारी झाला. "पण फायलीला झगा लावता येत नाही. कागद लागतो."

"मग काय करू?"

"छायाप्रत काढून आणा."

शिपाई झगा घेऊन गेला. मशीनच्या काचेवर पालथा घालून त्यानं प्रत काढली आणि आणून दिली. कागदावर सहा बटणं आणि सहा काजं, एकाखाली एक, लख्ख.

"छान आलीत," शिपाई म्हणाला.

मास्तरांना एकाच वेळी हसू, रडू आणि शिवी आली. तिन्ही गिळून ते म्हणाले, "बाई, हे तर त्यांच्याच बाजूचं झालं."

अधिकारीण बाईंनी प्रत उलटी करून ठेवली. "असं करा. एखाद्या शिंप्याचं लेखी प्रमाणपत्र आणा, की बटणं खोटी आहेत आणि आत काय आहे."

"मी शिंपीच आहे. कागद द्या, आत्ता लिहितो."

"तुम्ही नवरे आहात. हितसंबंधी. दुसरा शिंपी, परवाना असलेला. चार दिवसांत."

परवाना असलेला दुसरा शिंपी मास्तरांच्या दुकानासमोरच होता. त्याला सगळे इंचवाला म्हणायचे, कारण कुठलंही माप घेतलं की तो म्हणायचा, एक इंच ठेवू या जास्त. एकोणीस वर्षांपूर्वी त्यानं पाटी लावली होती, 'या रस्त्यावरचा सर्वात जुना शिंपी'. मास्तरांनी त्याच्या दुसऱ्या दिवशी पाटी लावली, 'त्याच्याही आधीचा'. तेव्हापासून बोलणं बंद. बाई गेल्या त्या दिवशी इंचवाल्यानं दुकान बंद ठेवलं होतं, पण रस्ता ओलांडून आला नव्हता.

दोन दिवस मास्तर काचेतून समोर बघत राहिले. तिसऱ्या दिवशी मेहुणी आली, तिनं त्यांच्या नजरेचा रोख धरून रस्त्यापलीकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमच्या पाटीपेक्षा ताई लहान होती का?" मास्तरांनी झगा काखेत मारला आणि रस्ता ओलांडला.

कसलं प्रमाणपत्र हवंय ते मास्तरांनी सांगितलं. इंचवाल्यानं चष्मा लावला. काही विचारलं नाही. झगा उलटापालटा करून बघितला, पट्टी कानाशी नेऊन दाबली.

"काजं कुणी केली?"

"मी."

"कळतंय."

दुसरी वेळ असती तर मास्तरांनी कात्री उगारली असती.

"शिवण?"

"मीच."

इंचवाल्यानं शिवणीवरून अंगठा फिरवला, दोनदा. "शिवण चांगली आहे," तो म्हणाला, जणू दाढ उपटून देत होता. "पण उसवावी लागेल. आतलं बघितल्याशिवाय सही करायचा नाही मी. उद्या मला विचारलं, आत काय होतं, तर काय सांगू? टक् वाजलं?"

"हा झगा तिचा आवडता होता."

"म्हणून तर खोटं लिहीत नाही."

इंचवाल्यानं ब्लेड पुढे केलं, पण स्वतः लावलं नाही. मास्तरांनी ते घेतलं आणि वरून उसवायला सुरुवात केली. पहिलं चुंबक निघालं, आपल्याच बारीक टाक्यांत बसलेलं. दुसरंही तसंच. तिसऱ्यापाशी त्यांचा हात थांबला.

ते चुंबक लाल दोऱ्यानं शिवलेलं होतं. मास्तरांनी लाल दोरा वापरला नव्हता. टाके बोटभर लांब, वाकडेतिकडे, काही कापडातून गेलेलेच नव्हते, दोरा नुसता चुंबकाभोवती फिरलेला. शेवटी गाठ नव्हती, गुंता होता. बाजूला वाळलेला तपकिरी डाग.

मास्तरांच्या टाचणगादीवर ओवलेल्या सुया खोचलेल्या असतात. बँडवाल्यांच्या कोटांसाठी लाल दोऱ्याची एक असायचीच. चुंबक कधीतरी सुटलं असणार. नवरा माल पोचवायला गेलेला असताना बाईंनी ती सुई घेतली असणार, दातांत धरली असणार, नाहीतर दोन पंज्यांत. मग पट्टीची कड परत आत दुमडून ठेवली असणार, म्हणजे मास्तरांना दिसू नये. अंगठ्याची चिंधी. दाराची कापसाची गादी अजून तिथंच आहे.

"हे तुमचं नाही," इंचवाला म्हणाला.

"नाही."

"बाईंचं?"

मास्तरांनी मान हलवली. इंचवाल्यानं पट्टी डोळ्यांजवळ नेऊन ते टाके बघितले.

"या रस्त्यावर माझ्याकडची कामंसुद्धा काजांसाठी बाईंकडे जायची," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत नसेल. मागच्या दारानं. तुमच्या त्या पाटीनंतरही."

"काय सांगता!"

"एकशे चाळीस कोट. तुम्ही झोपलात की करायच्या. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."

मास्तरांना राग यायला हवा होता. आला नाही. बाईंची आणखी एक झाकली मूठ होती, एवढंच त्यांच्या मनात आलं.

इंचवाल्यानं परवान्याच्या शिक्क्याचा कागद घेतला आणि लिहायला बसला. प्रत्येक शब्दाला थांबत होता, माप घेतल्यासारखा. लिहून झाल्यावर त्यानं वाचून दाखवलं: "'मी झगा उसवून पाहिला. बटणे खोटी आहेत. आत सहा लोहचुंबके आहेत. पाच शिंप्याने बसवली आहेत. एक अर्जदार बाईंनी स्वतः बसवले आहे. या बाईंची काजे मी वीस वर्षे पाहिली आहेत. ज्या हाताने ती काजे केली, त्या हाताची बोटे चालत असती तर त्याने असे टाके घातले नसते. सोबत टाक्यांची छायाप्रत.' चालेल?"

"चालेल," मास्तर म्हणाले. दारात जाऊन ते वळले. "पैसे किती झाले?"

"पाटी उतरवा."

"तुम्ही आधी."

"मग राहू द्या," इंचवाला म्हणाला आणि मशीनवर बसला.

तिसाव्या दिवशी मास्तरांनी वारसाचा अर्ज आणि इंचवाल्याचा कागद दिला. शिपायानं टाक्यांची प्रत काढली, या वेळी काही बोलला नाही. कारकुनानं शिक्का मारला आणि म्हणाला, "निकाल अर्जदाराच्या नावानं घरी येईल."

"तिच्या नावानं?"

"फाईल तिच्याच नावाची आहे."

त्याला आता पाच महिने झाले. मास्तर दर सोमवारी जातात. वर विचारलं की फाईल खाली असते, खाली विचारलं की वर. ते वाक्य अजून फायलीत आहे. झगा दुकानातच, स्टुलावर असतो. पाच चुंबकं बशीत काढून ठेवली आहेत, तिसरं लाल दोऱ्यात तसंच आहे.

निकाल आलेला नाही, आणि पट्टी शिवायची राहिली आहे.